वाट पाहण्याचं खातं

ओरॅकलच्या डेटाबेसात वाट पाहण्याचं एक स्वतंत्र खातं असतं. डेटाबेसच्या पोटात चाललेलं कुठलंही काम कशासाठी थांबलं, कुणामुळे थांबलं आणि किती वेळ थांबलं, याची नोंद तिथे होत राहते, आणि तीही मायक्रोसेकंदांत, म्हणजे एका सेकंदाचे दहा लाख तुकडे करून. डिस्कवरून पान यायचं होतं म्हणून थांबलो, हवी ती ओळ दुसऱ्याने धरून ठेवली होती म्हणून थांबलो, नोंद पक्की झाल्याची पोच मिळेपर्यंत थांबलो. १९९२ च्या सुमाराला सातव्या आवृत्तीबरोबर ही सोय आली तेव्हा थांबण्याचे प्रकार शंभराच्या आसपास होते. आज ते हजाराच्या पुढे गेले आहेत. भरतमुनींना नायिकेच्या आठच अवस्था सापडल्या होत्या. सजून दाराशी बसलेली, संकेतस्थळी जाऊन फसलेली, परगावी गेलेल्याच्या आठवणीने झुरणारी, अशा त्यातल्या निम्म्या तरी वाट पाहणाऱ्याच; पण कॅलिफोर्नियातल्या इंजिनियरांनी या विषयात जो बारकावा गाठला त्यापुढे नाट्यशास्त्राने मान खाली घालावी. विरह दशांश चिन्हापुढे सहा घरांपर्यंत मोजता येतो, हे त्या बिचाऱ्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

मी या खात्याचा कारकून. एका बँकेचा डेटाबेस सांभाळतो. या धंद्यात आम्हाला डीबीए म्हणतात, आणि लग्नकार्यात या तीन अक्षरांपुढे संभाषण जात नाही. मावशीने एकदा फारच खनपटीला बसून विचारलं, "म्हणजे तू नेमकं करतोस तरी काय?" मी म्हटलं, "लोकांना कमी थांबावं लागेल असं बघतो." तिने पासबुक भरून घ्यायला त्याच आठवड्यात पाऊण तास उभं राहून आल्याचं सांगितलं आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू नगरपालिकेच्या पाणीखात्यातला माणूस कोरड्या नळासमोर बसून सरबत पितोय.

पूर्वी आमच्या लोकांचं या थांबण्याकडे लक्षच नव्हतं. त्या काळी डेटाबेसची तब्येत एका टक्केवारीवरून ठरायची. मागितलेली पानं किती वेळा मेमरीतच सापडली आणि किती वेळा त्यासाठी डिस्कपर्यंत जावं लागलं, याचं ते गुणोत्तर. नव्व्याण्णव टक्के आलं की साहेब खूश, डीबीए खूश, आणि काउंटरपुढची रांग होती तिथेच. पुढे कळलं की एखादा वेडपट प्रश्न तेच ते पान लाख वेळा मेमरीतून वाचत बसला तरी हे गुणोत्तर फार सुंदर येतं. किंबहुना वेडेपणा जितका जास्त तितकं जास्त सुंदर. मग कुणीतरी गमतीने एक छोटा प्रोग्रॅमच लिहिला. तुम्हाला किती टक्के हवेत ते सांगा, तो तेवढे आणून देई. इतक्या प्रामाणिकपणे खोटा आकडा देणारं दुसरं साधन सरकारदरबारीही नसेल. १९९९ साली आन्यो कोल्क आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांनी एक निबंध लिहिला आणि आमच्या धंद्याची नजर बदलली. त्याचा गाभा एका ओळीत मावतो: उत्तर मिळायला लागणारा वेळ म्हणजे प्रत्यक्ष कामाचा वेळ अधिक थांबण्याचा वेळ. हे वाचून पुष्कळांनी कपाळावर हात मारला असेल. एवढं तर रेशनच्या रांगेतल्या कुठल्याही बाईने सांगितलं असतं. पण ती बाई ओरॅकलच्या परिषदांना जात नव्हती.

थांबण्याचं गणित त्याहूनही जुनं आहे, आणि ते कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत जन्माला आलं. आग्नर क्रारुप एर्लांग नावाचा गणितज्ञ तिथे नोकरीला होता. किती लोक एका वेळी फोन उचलतील, किती तारा पुरतील, किती जणांना ताटकळावं लागेल, या प्रश्नांवर त्याने १९०९ साली पहिला निबंध लिहिला. मापं घ्यायला हाताखाली माणसं नव्हती, तेव्हा म्हणे हा गृहस्थ शिडी घेतलेल्या एका कामगाराला बरोबर घेऊन शहरभर हिंडायचा आणि रस्त्यातल्या मॅनहोलमध्ये स्वतः उतरायचा. मला हे चित्र फार आवडतं. वर घोडागाड्या चालल्या आहेत, गावातली माणसं आपापल्या माणसांशी बोलायला अधीर झाली आहेत, आणि खाली अंधारात एक सभ्य गृहस्थ त्यांच्या अधीरतेखालच्या तारा तपासतो आहे. त्याने सुरू केलेल्या गणितातून पुढे जे हाती आलं ते आजही कुठल्याही व्यवस्थापकाला पटत नाही. एक खिडकी आहे, माणसं मनाला येईल तेव्हा येताहेत. खिडकी निम्मा वेळ गुंतलेली असली तर प्रत्येकाचा सरासरी वेळ कामाच्या वेळेच्या दुप्पट होतो. तीच खिडकी ९० टक्के गुंतली तर दहापट. म्हणजे रांग आवाक्यात ठेवायची तर खिडकीतल्या माणसाने बराच वेळ रिकामं बसायला हवं. हे मी बैठकीत सांगितलं की साहेब चष्मा काढून ठेवतात. "एवढ्या किमतीचं मशीन, आणि ते निम्मा वेळ नुसतं बसणार?" मी होय म्हणतो. त्यांना ते मशीनबद्दल पटत नाही, आणि माझ्याबद्दलही त्यांच्या मनात काहीतरी येऊन जातं, असं मला वाटतं.

टेलिफोन म्हटलं की मला तालुक्याच्या गावातल्या डॉक्टरांचा दिवाणखाना आठवतो. आळीत फोन त्यांच्याकडेच होता. मुंबईला काकांशी बोलायचं तर ट्रंक कॉल लावावा लागे. साधा, अर्जंट आणि लाइटनिंग असे त्याचे वर्ण होते, आणि आमची ऐपत पहिल्या वर्णाची. वडील दुपारी कॉल बुक करायचे आणि मग आम्ही सगळे तिथे बसून राहायचो. डॉक्टरीणबाई आधी चहा द्यायच्या, मग पोहे, मग दिवेलागणी झाली की "आता जेवूनच जा" म्हणायच्या. दिवाणखान्यातल्या फोनवर एक जाळीचा रुमाल होता. तो वाजण्याआधीच कुणीतरी उचलून ठेवायचं, न जाणो, रुमालामुळे आवाज कमी आला तर. त्या बसण्यात मोठ्यांच्या कितीतरी गोष्टी कानावर पडल्या: कुणाची जमीन, कुणाचं मोडलेलं लग्न, आत्या माहेरी का येत नाही. अखेर घंटी खणखणायची, एक्स्चेंजमधली बाई "बोला, मुंबई बोला" म्हणायची, वडील मुंबईपर्यंत नुसत्या तोंडानेच आवाज पोचवायचा असल्यासारखे ओरडायचे, आणि तीन मिनिटांत सगळं संपायचं. कोल्कच्या समीकरणात घालायचं तर प्रत्यक्ष काम तीन मिनिटं, बाकी सगळी संध्याकाळ थांबणं. त्या तीन मिनिटांत काका काय बोलले त्यातलं मला आज एक अक्षर आठवत नाही. पोह्यांवरचं ओलं खोबरं मात्र आठवतं.

ट्रंक कॉलमध्ये एक बरं होतं. आपण का थांबलोय ते माहीत असे. डेटाबेसमध्ये ते तसं राहिलं नाही, आणि त्याला एक वैमानिक कारणीभूत आहे. टेड कॉड मूळचा इंग्लंडच्या डॉर्सेटचा, दुसऱ्या महायुद्धात रॉयल एअर फोर्समध्ये विमानं चालवलेला, पुढे आयबीएमच्या सॅन होजेच्या प्रयोगशाळेत आलेला. त्याच्या आधी प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला माहितीच्या जंगलातून स्वतःच वाट काढावी लागे: या नोंदीवरून त्या नोंदीवर, तिथून पुढच्या साखळीवर. चार्ल्स बाकमनने तर १९७३ च्या आपल्या ट्युरिंग व्याख्यानात प्रोग्रॅमरला दिशादर्शकच म्हटलं होतं, विमानात नकाशा घेऊन बसतो तसा. कॉडने १९७० च्या निबंधात सांगितलं होतं की याची काही गरज नाही. माहिती साध्या तक्त्यांत ठेवा. मागणाऱ्याने फक्त काय हवं ते सांगावं, ते कुठे आहे आणि कसं आणायचं ही यंत्राची डोकेदुखी. वैमानिकानेच दिशादर्शकाला घरी पाठवलं. माणूस त्या दिवसापासून सुखी झाला आणि अज्ञानीही झाला. तो प्रश्न विचारतो आणि थांबतो. आत काय चाललंय ते त्याला दिसत नाही. दिसत नाही म्हणूनच माझ्यासारख्यांची चूल पेटते.

आतला रस्ता आता ऑप्टिमायझर ठरवतो. आयबीएममध्येच पॅट सेलिंगर आणि तिच्या सहकाऱ्यांनी १९७९ साली ती पद्धत मांडली: शक्य ते रस्ते काढायचे, प्रत्येकाचा अंदाजे खर्च मांडायचा, स्वस्त तो निवडायचा. अडचण एवढीच की खर्चाचा अंदाज करताना तो प्रत्यक्ष माहितीकडे बघत नाही. बघायला गेला तर त्यातच दिवस जाईल. तो बघतो आकडेवारीकडे, मागे कधीतरी काढून ठेवलेल्या. या तक्त्यात इतक्या ओळी, या रकान्यात इतक्या वेगवेगळ्या किमती. ओरॅकलमध्ये ही मोजणी, तुम्ही काही बदललं नाहीत तर, कामाच्या दिवशी रात्री दहाला सुरू होते. आमच्याकडे दिवसअखेरीच्या कामाचा एक तात्पुरता तक्ता आहे. तो संध्याकाळी रिकामा करतात आणि मध्यरात्रीनंतर भरतात. दहा वाजता मोजणी करणारा आला, त्याने दार ढकललं, आत चिटपाखरू नव्हतं. त्याने इमानदारीत लिहून ठेवलं: ओळी शून्य. मग रात्री एक वाजता तिथे लाखो नोंदी कलकलाट करत असताना ऑप्टिमायझर तो कागद बघून म्हणाला, इथे तर कुणीच नाही, एकेकाला हाताला धरून नेऊ. आणि नेत बसला, सकाळपर्यंत. शाखा उघडायची वेळ आली तरी डे-एंड संपेना. इलाज सोपा होता. तक्ता भरलेला असताना एकदा मोजणी करायची आणि त्या आकडेवारीला कुलूप घालायचं. हो, आकडेवारीला कुलूप घालायची सोय आहे. त्यानंतर रोज रात्री दहाला मोजणारा त्या तक्त्यापुढून मुकाट्याने पुढे जातो, आणि ऑप्टिमायझर त्या भरल्या घराच्या जुन्या आठवणीवर आपला संसार सुखाने करतो. वर्तमानापेक्षा जुनी आठवण अधिक खरी ठरावी, असे प्रसंग घरादारांत पाहिले होते; यंत्रात पाहीन असं वाटलं नव्हतं.

पण थांबण्याबाबत या यंत्राचं शहाणपणही मोठं आहे, आणि ते आजोळच्या पेढीवरच्या दिवाणजींच्या शहाणपणाशी जुळतं. गिऱ्हाईक पैसे देऊन उभं असे, तेव्हा दिवाणजी फक्त रोजकीर्दीत एक ओळ ओढायचे. ते झालं की रामराम. ज्याच्या त्याच्या नावाची खतावणी ते पुढे सवडीने करायचे, तंबाखू मळून झाल्यावर. ओरॅकलमध्ये लॉग रायटर नावाचा एक इमानी जीव आहे, तो ही कीर्द लिहितो. व्यवहार पक्का केला की ग्राहकाला थांबावं लागतं ते त्याच्या एका ओळीपुरतं. मूळ तक्त्यांत, म्हणजे खतावणीत, तो बदल नेऊन बसवणारा दुसराच गडी असतो, आणि त्याला घाई नसते. मध्येच वीज गेली तर? परत आल्यावर डेटाबेस आधी कीर्द वाचतो आणि खतावणी पुरी करतो. अर्धवट राहिलेले व्यवहार पुसून टाकतो. लॉग रायटर काहीच घडलं नाही तरी दर तीन सेकंदांनी जागा होऊन काही लिहायचं राहिलंय का ते बघतो. दिवाणजीही बघायचे, पण चष्म्यावरून, आणि बहुधा आम्हा मुलांकडे.

आता त्या दुपारबद्दल सांगतो. दोन वाजून गेले होते. एका शाखेतून फोन आला, "सिस्टिम स्लो आहे." मग दुसऱ्या खिडकीतून, "हँग झालंय." या दोन वाक्यांत जगातलं सगळं दुःख येतं, निदान माझ्या टेबलावर येणारं सगळं. मी ते वाट पाहण्याचं खातं उघडलं. कोण कुणामुळे अडलंय याचा एक रकानाच असतो, त्यामुळे शोधायला अक्कल लागत नाही, फक्त चिकाटी. हा त्याच्यामुळे अडलेला, तो तिच्यामुळे, ती आणखी कुणामुळे. प्रत्येक डिमांड ड्राफ्टचं कमिशन ज्या एका खात्यात जमा होतं त्या खात्याची ओळ कुणीतरी धरली होती, आणि सगळी शाखा त्या ओळीपाशी उभी होती. ओरॅकल अशा वेळी कंटाळत नाही. दुसरं काही सांगून ठेवलं नसेल तर धरलेल्या ओळीसाठी तो अनंत काळ थांबतो. साखळी धरून मी वर वर गेलो आणि शेवटच्या माणसापाशी पोचलो. तो कुणामुळेच अडलेला नव्हता. तो काहीच करत नव्हता. त्याच्या नावापुढे लिहिलं होतं की डेटाबेस त्याच्याकडून पुढचा निरोप येण्याची वाट पाहतोय.

मी शाखेत फोन लावला. शिपायाने उचलला. चार नंबरवर कोण आहे, म्हणून विचारलं. "कुणी नाही, साहेब. जेवायला गेलेत."

"स्क्रीनवर काय दिसतंय?"

"गणपती."

"माउस हलवा जरा."

बराच वेळ शांतता. मग तो म्हणाला, "विचारतंय, साहेब. ओके का, म्हणून."

"मग?"

"मी कसं सांगणार साहेब ओके आहे म्हणून? मी शिपाई."

याला उत्तर नव्हतं. अख्खी शाखा, त्यामागचा सर्व्हर, त्यामागची डिस्कची कपाटं, सगळे त्या एका चौकटीपुढे उभे होते, आणि ज्याला होय म्हणायचा अधिकार होता तो खाली डबा खात बसला होता. माझ्या शेजारच्या मुलाने, नुकताच लागलाय, हात कीबोर्डवर ठेवून विचारलं, "सर, मारू का?" आमच्यात सेशन मारतात, त्याला किल म्हणतात, आणि हा शब्द इतका सहज तोंडी बसलाय की बसमध्ये फोनवर बोलताना शेजारचे दचकतात. मारलं की त्या माणसाचं अर्धं झालेलं काम पुसलं जातं, ओळ सुटते, रांग धावू लागते. तो परत येऊन सगळं पहिल्यापासून करतो. मी म्हटलं, "एक मिनिट थांब, ताकाला आला असेल." आला होता. चौकटीला त्याने उत्तर दिलं आणि खात्यातली सगळी साखळी पाहता पाहता विरघळून गेली.

गंमत ही की या शेवटच्या थांबण्याला आमच्या शास्त्रात किंमत नाही. थांबण्याच्या हजार प्रकारांचे वर्ग पाडले आहेत: डिस्कचे, नेटवर्कचे, चढाओढीचे. त्यात एक वर्ग आहे रिकामपणाचा, आयडल. डेटाबेस माणसाच्या पुढच्या शब्दाची वाट बघत बसलेला असतो, ते सगळं या वर्गात. बेरीज केली तर हाच आकडा सगळ्यांत मोठा येतो, कारण माणसं काम कमी करतात आणि विचार, चहा, गप्पा जास्त. म्हणून पुस्तकं सांगतात, हिशेब करताना हा वर्ग आधी बाजूला काढा. मी पण तेच शिकलो, नव्या मुलांना तेच शिकवतो. आणि तरी अशा दुपारी साखळी उलगडत गेलं की बाकी सगळी मोजलेली, वर्गीकरण केलेली, महत्त्वाची थांबणी शेवटी या न मोजलेल्या थांबण्यापाशीच येऊन पोचतात.

पंढरपूरची गोष्ट मला हल्ली याच नजरेने दिसते. देव दारात आला, पुंडलिक आई-वडिलांचे पाय चेपत होता. त्याने वीट पुढे टाकली आणि म्हणाला, थांब जरा, येतो. एवढाच निरोप. पुढचा निरोप अजून आलेला नाही. देव कमरेवर हात ठेवून उभा आहे; मागणी आली की पुरवायची पूर्ण तयारी, पण आधी समोरच्याने बोलायला हवं. ओरॅकलच्या वर्गवारीत हे सरळसरळ रिकामपणात जाईल, पाहणीच्या अहवालातून वगळलं जाईल. ज्ञानदेवांपासून तुकोबांपर्यंतचा सारा संप्रदाय त्या वगळलेल्या रकान्यात उभा आहे. त्यातून आषाढीला दर्शनबारी लागते, माणसं तासन् तास रांगेत असतात, म्हणजे देव भक्तासाठी थांबलेला आणि भक्त देवासाठी. दोघं एकमेकांसाठी अडले की त्याला आम्ही डेडलॉक म्हणतो. ओरॅकल ते काही सेकंदांतच ओळखतो, दोघांपैकी एकाचं शेवटचं पाऊल मागे फिरवतो, आणि वर फाइलमध्ये लिहून ठेवतो की हा दोष ओरॅकलचा नाही, तुमच्या रचनेचा आहे. पंढरपुरात इतकी शतकं कुणाला तसं लिहावंसं वाटलं नाही.

थांबलेल्यांची आठवण निघालीच आहे तर बोस्टनच्या ऑफिसाबद्दलही बोलायला हवं. ज्यांनी ओरॅकल जुन्या काळी क्लासमध्ये शिकलं त्यांना स्कॉट आणि टायगर माहीत असतात. स्कॉट हे सरावाच्या खात्याचं नाव, टायगर त्याचा पासवर्ड. कंपनीच्या पहिल्या काळातल्या ब्रूस स्कॉट या माणसाचं ते नाव, आणि टायगर ही त्याच्या घरची मांजर. त्या खात्यात चौदा नोकरांची एक कंपनी आहे. किंग सगळ्यांत वर, पगार ५०००, त्याच्यावर साहेब नाही. स्मिथ सगळ्यांत खाली, ८००, आणि त्याला बढती कधीच मिळालेली नाही. जगभरच्या किती पिढ्यांनी या चौदांचे पगार चढत्या क्रमाने लावले, उतरत्या क्रमाने लावले, वाढवले आणि लगेच वाढ मागे घेतली. विभाग मात्र चार: न्यूयॉर्कला हिशेब, डलासला संशोधन, शिकागोला विक्री आणि बोस्टनला ऑपरेशन्स. बोस्टनच्या विभागात एकही माणूस नाही. कधीच नव्हता. सगळ्या विभागांची यादी मागितली की तो येतो, विभागवार माणसं मागितली की नाहीसा होतो. जुळणी नसली तरी ओळ दाखवण्याची एक खास रीत आहे, ती मास्तरांना शिकवता यावी एवढ्याचसाठी जणू तो उघडून ठेवलाय. १९८० च्या डिसेंबरात स्मिथ नोकरीला लागला, तेव्हापासून तिथे दिवा जळत असेल, टेबलं पुसलेली असतील, पाण्याचा माठ भरलेला असेल. मला स्वतःला कधी बदली मागायची वेळ आली तर मी बोस्टन मागीन.

पण रिकामं बसू देणं हे नव्या काळाला मंजूर नाही. मागे ऑडिटवाले आले. त्यांनी यादी काढली: इतकी सेशनं तासन् तास काहीच करत नाहीत. सुरक्षेच्या दृष्टीने हे बरं नव्हे, त्यांचं म्हणणं, आणि त्यात चूक काहीच नव्हतं. उघडा गणपती पुसून कुणीही ओके म्हणू शकतो. त्यासाठी ओरॅकलमध्ये सोय आहे. इतकी मिनिटं निरोप आला नाही की सेशन संपल्यात जमा होतं. तो ते गुपचूप करतो. माणूस परत येतो, बटण दाबतो, आणि तेव्हा कळतं. जो दुसऱ्या कुणाच्या अडवणुकीमुळे थांबलाय त्याला मात्र या नियमाचा हात लागत नाही, एवढी माणुसकी त्याने राखलीय. मी मर्यादा तीस मिनिटांची ठेवली, परिपत्रक निघालं, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी शाखेतून फोन आला. तेच चार नंबर.

"साहेब, जेवून आलो तर सिस्टिमने मला काढून टाकलंय. इंग्रजीत लिहिलंय काहीतरी, जास्त वेळ रिकामे बसलात म्हणून. आणि शेवटी लिहिलंय, प्लीज पुन्हा कनेक्ट करा."

"मग? केलंत का?"

"केलं की. ऑफिसात इतकी वर्षं आहे, साहेब, जेवून आल्यावर प्लीज म्हणणारं पहिलंच भेटलं."